कुंडीतली गवर

फुलांच्या बाबतीत मी चिक्कू आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर जायला नको. साखर मागा, वाटी भरून देईन. कढीपत्ता मागा, अख्खी डहाळी मोडून हातात ठेवीन. पण झाडावरचं फूल मागितलंत की माझ्या कपाळाला आठी पडलीच. तोडलेलं फूल दुपारपर्यंत देव्हाऱ्यात मान टाकतं. झाडावर असलं की मला बघायला मिळतं, आणि देवालाही ते झाडावर दिसत असणारच, असं माझं आपलं मत आहे. आमच्या आळीत हे मत असलेली मी एकटीच.

घर पेणला, आळीच्या अगदी टोकाला. पुढे दहा पावलांचं अंगण आणि बाजूने पाण्याच्या टाकीपर्यंत गेलेली एक चिंचोळी पट्टी, एवढीच माझी बाग. फाटकाशी तांबडी जास्वंद, तिच्या शेजारी पिवळी. भिंतीला लागून गुलबक्षी, जी संध्याकाळी इतक्या ठरल्या वेळेला उघडते की मी तिच्याकडे बघून चहा टाकते. टाकीच्या ओलीवर कर्दळ आणि सोनटक्का. पायरीच्या दोन्ही अंगांना सदाफुली. ती मी कधी लावलीच नाही, आपली आपण आली आणि राहिली. अबोली, कोरांटी, झेंडू, झिनिया हे सगळे जागा मिळेल तिथे दाटीवाटीने. मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. दिवसभर दाखले, हजेरीपट आणि शिक्के. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बागेतून एक फेरी मारते, मगच घरात पाऊल टाकते.

आळीत सकाळी फिरायला जाणारी मंडळी पुष्कळ. त्यांच्या हातातली काठी कुत्र्यांसाठी असते अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग कुत्र्याला हाकलायला काठीच्या टोकाला तारेचा आकडा कशाला लागतो, असा विचार एकदा मनात आला आणि दुसऱ्या दिवशी मी पहाटेच दार उघडून पायरीवर बसले. सहाच्या सुमाराला कुंपणावरून आकडा आत आला, जास्वंदीची फांदी वाकली. मी म्हटलं, "काका, खालच्या फांदीवर मोठी आहेत." काका असे दचकले की काठी आतच राहिली. अजून ती माझ्याकडे आहे, काकडीच्या वेलाला लावते.

नवरा या सगळ्याला हसतो. तो डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. रात्रपाळी करून सकाळी आला की बागेतल्या दगडावर बसून चहा पितो आणि मी आदल्या दिवशीपेक्षा किती फुलं जास्त आली ते त्याला सांगते. तो ऐकतो की बसल्या बसल्या झोपतो हे मी कधी तपासलेलं नाही.

तर, तेरडा. इकडे कोकणात गौरी म्हणजे तेरडा, हे वेगळं सांगायला नको. गणपती बसले की दोन-तीन दिवसांनी तेरड्याची झाडं मुळासकट उपटून आणायची, हळदीकुंकवाच्या पावलांवरून घरात घ्यायची, साडी नेसवायची, मुखवटा बांधायचा, झाली गवर. पूर्वी यासाठी टेकडीवर जायचं, नाहीतर शेताच्या बांधावर. आता आमच्या जवळच्या टेकडीला प्लॉट पडलेत आणि तारेचं कुंपण आलंय.

मला तेरडा लावायचा होता तो बघण्यासाठी. बी आईनं रोह्याहून पुडीत बांधून दिलं होतं. तिच्या परसातला घरचा तेरडा, गुलाबासारखा भरगच्च पाकळ्यांचा. टाकीकडच्या पट्टीत मी ते पेरलं आणि श्रावणात असा फुलला की बस. गुलाबी, लाल, जांभळा, पांढरा, आणि एक पांढऱ्यावर तांबडे शिंतोडे उडालेला, जणू रंगाचा ब्रश कुणी जवळच झटकलाय. देठाला चिकटून वरपासून खालपर्यंत फुलं. मी दिवसातून चार वेळा बघायची. ऑफिसातून फोन करून रात्रपाळी करून घरी झोपलेल्या नवऱ्याला उठवायची आणि विचारायची, शिंतोड्यावाल्याची तिसरी कळी उघडली का.

आमचा गणपती मोठ्या दिरांकडे, खांबच्या जवळ गावात असतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही कुलूप लावून जातो ते गौरी-गणपती बोळवूनच परत येतो. त्या वर्षी परत आले, फाटक उघडलं, चपला न काढता नेहमीची फेरी मारायला टाकीकडे वळले. पट्टीत नुसते खड्डे. एक झाड शिल्लक नाही. मी तिथेच मटकन बसले.

तेवढ्यात शेजारच्या काकू करंज्यांची ताटली घेऊन आल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "वहिनी, तुमची गवर आख्ख्या आळीला पुरली हो! काय एकेक झाड! मुखवटा न बांधताच बाय सुंदर दिसत होती."

आता काय बोलणार? चोरी म्हणावी तर देवीचं काम. रागवावं तर लोक म्हणणार, हिला गौरीसाठी दोन झाडं जड झाली. मी करंजी खाल्ली आणि छान झालीय म्हटलं. करंजी खरंच छान झाली होती, म्हणून आणखीच राग आला. रात्री नवऱ्यापुढे रडले. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी कुंडीत लाव. कुंडी कोण उपटणार?"

पुढच्या वर्षी मी तेच केलं. पेणमध्ये रिकाम्या बादल्यांना तोटा नाही. गणपतीच्या कारखान्यांतून रंग संपलेल्या प्लास्टिकच्या बादल्या हव्या तेवढ्या मिळतात. कुणावर अंगाचा गुलाबी ओघळलेला, कुणावर पितांबराचा पिवळा. अशा बावीस बादल्यांना बुडाला भोकं पाडून मी तेरडा लावला आणि अंगणात ओळीने मांडल्या. त्या वर्षी फुलं पहिल्यापेक्षा दुप्पट आली. आणि चतुर्थीच्या दोन दिवस आधी काकू, आणखी दोघीजणींना घेऊन, रीतसर विचारायला आल्या.

"तुम्ही गावाला जाणार ना वहिनी? मग गवरीसाठी आम्ही नेतो हां. यंदा उपटायची पण गरज नाय, बादली उलटी केली की झालं."

बादली उलटी केली की झालं! माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, पण कुंडीतली गवर चालत नाही."

तिघी थबकल्या. "चालत नाय?"

"नाही हो. गवर माहेरी येते ती चालत येते. तिचे पाय जमिनीला लागलेले हवेत. कुंडीत तिचे पाय बांधलेले असतात. पाय बांधलेल्या लेकीला कुणी घरात घेतं का?"

हे सगळं मला कुठून सुचलं, देव जाणे. आधी काही ठरवलेलं नव्हतं. पण वाक्यामागून वाक्य अशी येत गेली की बोलता बोलता मलाच ते पटायला लागलं. काकूंनी हात जोडले. "बरं झालं बाय सांगितलंत. आमच्या हातून पाप घडलं असतं." दुसरी म्हणाली, तरीच तिची सासू कुंडीकडे बघून नाक मुरडायची. म्हणजे माझ्या थापेला जागेवरच एक साक्षीदार मिळाला.

नवरा आतून ऐकत होता. त्या गेल्यावर बाहेर आला आणि मला वाकून नमस्कार केला. "शास्त्रीबुवा, आता पंचांग पण काढा."

गावाहून परत आले तेव्हा बावीसच्या बावीस बादल्या जागेवर होत्या. काकू म्हणाल्या की त्या पार लांबच्या शेतांपर्यंत चिखल तुडवत गेल्या, पण जमिनीतलीच आणली. मला वाईट वाटलं. थोडंसंच वाटलं, कारण समोर फुलं होती. तो महिना मी असा उपभोगला की काय सांगू. रविवारी सकाळी बादल्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं. पांढऱ्याशेजारी जांभळा बरा दिसतो की लाल, म्हणून बादल्यांची अदलाबदल करायची. गुलाबीवर बसलेलं फुलपाखरू शिंतोड्यावाल्यावर कधी येतं याची वाट बघत चहा गार करायचा. पाकळ्या गळून अंगणात सडा पडला तरी मी दोन दिवस झाडू लावला नाही. एवढी खूश मी स्वतःच्या लग्नातसुद्धा नव्हते, असं नवरा म्हणतो, आणि ते फारसं खोटं नाही.

मधे पाच वर्षं गेली. यंदा गणपतीच्या आठवड्यात बाजारात गेले, तर तेरड्याच्या जुड्या घेऊन बसलेली बाई ओरडत होती, "जमिनीतली गवर घ्या, जमिनीतली! कुंडीतली नाय!" मी दचकले. मग हसू आलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तोही पोट धरून हसला. दोन दिवसांनी शाळेतल्या बाईंनी फोनवर आलेली एक यादी मला पुढे पाठवली, गौरी आणताना पाळायचे नियम. पाचव्या क्रमांकावर माझा नियम होता, वर दोन हात जोडल्याच्या खुणा. चतुर्थीला खांबला गेलो तर तिथे मोठ्या जाऊबाई दिरांना सांगत होत्या, "बांधावरचीच आणा हां. कुंडीतली चालत नाय, पूर्वापार हाय ते." पूर्वापार! मी मोदकाच्या उकडीत हात घालून खाली मान घालून बसले. मनात म्हटलं, चला, आपलं काहीतरी मागे राहणार.

गौरीच्या आदल्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन आला. भाऊ, भावजय आणि आई रोह्याला राहतात. परसाचं घर गेलं, त्या जागी इमारत झाली, तिथेच दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. आईचे गुडघे गेल्या दोन-तीन वर्षांत फार धरलेत. दोन महिने झाले, ती दाराबाहेर पडली नव्हती. तेरडा मात्र ती गॅलरीत बादल्यांमधून लावायची, घरचंच बी. गौरीच्या दिवशी भावजय त्यातली झाडं खाली फाटकापर्यंत न्यायची आणि तिथून गवर म्हणून वर घेऊन यायची.

"ताई, तुम्ही आईंशी बोला," भावजय म्हणाली. "सकाळपासून रिक्षा बोलवा म्हणतायत. नदीकाठच्या शेतात जाऊन गवर स्वतः उपटून आणायची म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या मावशींनी त्यांना काय ते सांगितलंय, कुंडीतली चालत नाय म्हणून. त्यांची मुलगी पेणला दिलीय ना."

मी म्हटलं, आईला फोन दे.

"काय गो," आई म्हणाली. आवाज बारीक झालेला.

"आई, ते काही खरं नाही. कुंडीतली चालते."

"नाय गो. पूर्वापार हाय ते. मलाच ठाऊक नव्हतं. तीन वर्सं मी पाय बांधलेली गवर घरात घेतली." मग म्हणाली, "मी तिचे पाय बांधले, तिनं माझे बांधले. दुसरं काय?"

मला क्षणभर कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. तिच्या गुडघ्यांचं कारण तिला सापडलं होतं, आणि ते मी माझ्या अंगणात उभी राहून तयार केलं होतं, बावीस बादल्या वाचवायला.

"आई, ते मी बनवलंय. माझी थाप आहे ती."

"माझं मन राखायला बोलतेस. ठेव आता फोन, रिक्षा बघायची हाय."

भाद्रपदातले बांध, वर शेवाळं, खाली गुडघाभर चिखल, आणि ती म्हणे रिक्षातून उतरून तेरडा उपटणार. एकदा पडली असती तर पुन्हा उठली नसती. भावजयीला सांगितलं, मी येईपर्यंत त्यांना दारातून हलू देऊ नकोस, चपला लपव हवं तर. जाऊबाईंना सांगितलं, आईला बरं नाही. खोटंच, पण अगदी खोटंही नाही. कोलाड नाक्यावर मिनिडोअर रिक्षा मिळाली. रोह्यापर्यंतचा रस्ता मी किती वेळा केलाय, पण इतका लांब कधी वाटला नव्हता. मनात सारखी वाक्यं जुळवत होते. थाप मारताना एकही जुळवावं लागलं नव्हतं.

आई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, पातळ बदलून, पिशवी मांडीवर घेऊन. चपला भावजयीनं खरंच लपवल्या होत्या. गॅलरीत बघितलं तर तेरड्याच्या पाच बादल्या कोपऱ्यात ढकललेल्या, वर गोणपाट टाकलेलं. गोणपाटाच्या कडेनं एक गुलाबी फांदी बाहेर आली होती. मी आधी ते गोणपाट काढलं.

मग तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. फक्त थाप आहे म्हणून नाही, ती का मारली तेही. पहिल्या वर्षीचे खड्डे, करंजी, काकू बादली उलटी करणार म्हणाल्या ते, पुढे खुर्ची टाकून बसले ते. आई ऐकत होती. शिंतोड्यावाल्या झाडाचं सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"म्हणजे फुलं उपटू नयेत म्हणून?"

"हो."

"हे मात्र तुझंच," आई म्हणाली. "जास्वंदीच्या कळ्यांना बाबांचे मोजे घातले होतेस ते आठवतंय? शेजारणीला दिसू नयेत म्हणून? पाच वर्सांची होतीस." आणि ती हसली. भावजयही हसली. मला वाटलं, सुटले.

पण आईचं हसणं मधेच थांबलं. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मग हे?"

"ते वयानं गं, आई. डॉक्टर काय म्हणाले ते माहितेय ना."

"वयानं होय." तिनं गॅलरीकडे बघितलं. "मला वाटलं होतं, यंदा जमिनीतली आणली की उठता येईल."

मला इतकी लाज कधीच वाटलेली नाही. दुखण्याचं कारण मी तिला दिलं हे एक वेळ चाललं असतं; पण त्याबरोबर बरं होण्याची वाट पण दिली होती, आणि ती आता मीच येऊन काढून घेतली. भावजयीनं चहा केला. आईनं तो प्यायला, पिशवी खुंटीला लावायला दिली, आणि संध्याकाळभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. रागावली होती की नुसती थकली होती, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

गौरीच्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई गॅलरीत खुर्ची ओढून बसली होती आणि बादल्यांना पाणी घालत होती. पिकलेली पानं खुडून मांडीवर ठेवलेली. तेरडा छान फुलला होता, माझ्याहूनही छान, हे कबूल करायला मला जड जातं. आई म्हणाली, "यंदा गवर तू आण. लेकीनंच आणायची असते. ही मधली बादली घे."

"किती झाडं काढू?"

"एक पण काढायचं नाय. बादलीसकट आणायची."

"बादलीसकट?"

"मुळासकट आणायची असं हाय ना? मग मुळं मातीतच राहिली तर काय बिघडलं?"

"आणि बोळवताना?"

"तेव्हाचं तेव्हा. तिला राहायचं असलं तर राहील." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुलं चांगली आल्यात. कशाला उपटायची?"

मला भरून आलं. पण आई लगेच कामाला लावायला लागली, त्यामुळे रडायला सवड मिळाली नाही. भावजयीनं हळदीकुंकवाची पावलं काढली, फाटकापासून जिना, जिन्यापासून दार, दारापासून पाटापर्यंत. बादली खाली नेताना भावानं हात लावला, तो पहिल्या पाळीला निघालाच होता. ओल्या मातीची बादली म्हणजे काय वजन असतं ते उचलणाऱ्यालाच कळतं. खाली नळाशी तिला पाणी दाखवलं, हळदकुंकू वाहिलं, गुलाबी झाडाला आईचं नवं हिरवं खणाचं कापड गुंडाळलं. मग मी तोंडात पाण्याची चूळ धरली. आमच्यात गवर आणणारीनं वाटेत बोलायचं नसतं, आणि बोलून जाऊ नये म्हणून तोंडात पाणी धरायचं असतं. बादली कमरेवर घेतली आणि निघाले. भावजय पुढे, घंटा वाजवत.

पहिल्या मजल्यावर त्या मावशी दारात ताट घेऊन उभ्या होत्या, येणाऱ्या गवरीवर अक्षता टाकायला. बादली बघितली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"अगो बाय, ही कुंडीतली! आणि बादलीसकट? असं कुठं असतं काय?"

मी बघतच राहिले. तोंडात पाणी. भावजय घंटा वाजवायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मावशींच्या पाठीमागे आणखी दोघीजणी दारात आल्या. खरं काय ते सांगायची हीच वेळ होती, माझ्या थापेच्या मालकिणीसमोर, म्हणजे जिनं ती रोह्यात आणली तिच्यासमोर. आणि मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

तेवढ्यात वरून आवाज आला, खणखणीत.

"पेणला असंच असतं!"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. जिन्याच्या वळणावर आई उभी होती. एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीवर. दोन महिने जिनं उंबरा ओलांडला नव्हता ती सात पायऱ्या एकटी उतरून आली होती.

"कुंडीतली नुसती उपटून आणली तर चालत नाय," आई सांगत होती, सावकाश, एकेक शब्द पक्का करत. "बादलीसकट आणली तर चालते. चालते काय, तीच खरी. तिला पायाखालची माती सोडवून कशाला न्यायची? लेक माहेरी यायची तर आपली माती घेऊन येते. तुझी लेक पेणलाच हाय ना? विचार तिला. तिनं तुला अर्धंच सांगितलं."

मावशींनी बादली पुन्हा एकदा वरखाली बघितली. मग म्हणाल्या, "तरीच! मला पण वाटलं, काहीतरी राहिलंय." आणि त्यांनी अक्षता टाकल्या, बादलीवर पण टाकल्या, माझ्या डोक्यावर पण. मागच्या दोघींनी हात जोडले. एकीनं हळूच दुसरीला सांगितलं, पुढच्या वर्षी आपण पण अशीच आणू.

मी आईकडे बघत होते. थाप मारायची ही कला माझ्यात कुठून आली, ते त्या दिवशी मला कळलं. आणि ती तिथे कशासाठी उभी होती तेही कळलं. मला चारचौघांत खोटं ठरावं लागू नये म्हणून.

आता तिला त्या सात पायऱ्या परत चढायच्या होत्या. भावजयीनं तिचा एक हात धरला. मी बादली घेऊन मागे. ती एक पायरी चढायची, दुसरं पाऊल तिच्याशेजारी आणून टेकायची, थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढची. गुडघे कटकट वाजत होते, मला मागे ऐकू येत होते. माझे हात भरून आले होते, पण तिच्या चालीनं चालायचं होतं, आणि मला ते चालत होतं. माफ कर म्हणायचं होतं. आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, पण तेवढं एक राहून गेलं होतं. ते तिथेच, त्या जिन्यात, लगेच म्हणायचं होतं, म्हणून मी तोंडातलं पाणी गिळायला मान वर केली.

आईनं वळून बघितलं. "तोंड उघडू नकोस गो," ती म्हणाली. "तुझं मागचं बोलणंच मी अजून निस्तरतेय." आणि कठडा धरून तिनं पुढची पायरी घेतली.